लालबागची चाळ आणि मालकाचा वर्ण

जाहीर नोटीस छापून आल्याच्या अकराव्या दिवशी खोली नंबर एकमधून हरकत आली. नोटिशीला चौदा दिवसांची मुदत असते. तीन दिवस उरले होते आणि बिल्डरच्या ऑफिसातून ‘कोणी आलं नाही ना साहेब?’ म्हणून दोनदा फोन येऊन गेला होता.

मी फोर्टात टायटलची कामं करतो. जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला की मालकी कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी जुळवायची, कुठे कडी निखळली असेल तर ती दाखवायची आणि शेवटी जाडजूड अहवाल द्यायचा. काम कंटाळवाणं असतं आणि ते तसं असलेलंच बरं. या फायलीत मात्र सत्तर वर्षांपूर्वी वारलेला एक गिरणी जॉबर क्षत्रिय होता की शूद्र, हा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन बसला. साल २०२४. पक्षकारांची ओळख लागू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत.

चाळ १९३६ सालची. तळ अधिक दोन मजले, मधे चौक, मागे सामाईक मोरी. म्हाडाच्या भाषेत उपकरप्राप्त इमारत, ‘अ’ वर्ग, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीची. बांधणारा गृहस्थ साताऱ्याकडून आलेला, गिरणीत साचेखात्याचा जॉबर. तेव्हा जॉबर म्हणजे माणसं भरणारा, काढणारा, वेळेला व्याजाने पैसे देणारा. त्याच्या हातात पैसा खेळायचा. गावी लग्नाची बायको आणि एक मुलगा. मुंबईत याच चाळीच्या तळमजल्यावर, खोली नंबर एकमध्ये, एक बाई खाणावळ चालवायच्या. त्यांचा पहिला नवरा १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेला होता. जॉबरपासून त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. गावची बायको १९४८ मध्ये वारली, जॉबर १९५२ मध्ये. मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

पुढची सत्तर वर्षं गावच्या मुलाने, मग त्याच्या मुलांनी भाडी गोळा केली. महापालिकेचं बिल त्यांच्या नावाने येतं. प्रॉपर्टी कार्डावर मात्र अजून जॉबरचंच नाव. वारस लावायची कुणाला घाई नव्हती. खाणावळवाल्या बाईंचा मुलगा खोली नंबर एकमध्येच वाढला, तिथेच १९९६ साली वारला. आता तिथे त्याची दोन मुलं राहतात. भाड्याची एकही पावती नाही. कारण भाडं कधी घेतलंच नाही.

फायलीत मी एका बाजूला ‘थोरलं घर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘धाकटं घर’ असं लिहायला लागलो. चाळीतले जुने भाडेकरू हेच शब्द वापरत होते.

धाकट्या घराची हरकत साधी होती: आमचे वडील मालकाचे मुलगे, आम्हाला हिस्सा द्या. थोरल्या घराचं उत्तर त्याहून साधं: ती बाई आजोबांची बायको नव्हती. राहू दिलं ही आमची मेहेरबानी.

आजचा कायदा लावला असता तर फाइल तिथेच मिटली असती. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्यात लग्नाशिवाय झालेली संतती आईची वारस होते, बापाची होत नाही. पण वारसा उघडतो तो माणूस मरतो त्या दिवशी आणि त्याच दिवसाचा कायदा त्याला लागतो. जॉबर गेला १९५२ मध्ये. म्हणजे जुना हिंदू कायदा, आणि जुन्या हिंदू कायद्याचा पहिला प्रश्नच असायचा: मयताचा वर्ण कोणता?

माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “सर, शूद्र म्हणजे एससी ना?” हा गैरसमज तिच्या एकटीचा नाही. चार वर्णांच्या चौकटीत शूद्र आत आहे, सर्वात खाली. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात ‘पद्भ्यां शूद्रो अजायत’. मुंज नाही, वेद नाही, वरच्या तिघांची सेवा हा धर्म. अस्पृश्य मानलेले लोक या चौकटीच्याही बाहेर ढकललेले. म्हणून तर जोतीराव फुले ‘शूद्रादिअतिशूद्र’ असा जोडशब्द वापरायचे: दोघांची दुःखं वेगळी, ती देणारा एक. आणि महाराष्ट्रात शूद्र म्हटले गेलेले कोण? कुणबी, माळी, धनगर, साळी, तेली, न्हावी, सुतार, आणि मराठे की नाही यावर तीन-साडेतीनशे वर्षं वाद. गावाला खाऊ घालणारा, कापड विणून देणारा जवळजवळ सगळा समाज त्यात येतो.

आता कायदा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात एक वचन आहे: ‘जातोऽपि दास्यां शूद्रेण कामतोंऽशहरो भवेत्’. शूद्राला दासीपासून झालेला मुलगाही बापाच्या इच्छेने वाटा घेऊ शकतो. बाप मेल्यावर भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा. त्यावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा सांगते की ही सवलत शूद्रालाच. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या दासीपुत्राला फार तर पोटगी. इंग्रजी कोर्टांनी हे वचन उचललं आणि त्याचं रीतसर कलम करून टाकलं. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली. मग ‘दासी’ म्हणजे कोण, यावर वाद झाले. मुंबई हायकोर्टाने अर्थ लावला की कायमची, एकाचीच होऊन राहिलेली बाई. संबंध व्यभिचाराचा नसावा, म्हणजे तिचा नवरा हयात नसावा. वाटा किती? सुप्रीम कोर्टानेही १९५२ मध्येच, म्हणजे आमचा जॉबर गेला त्याच वर्षी, पुन्हा सांगितलं: औरस असता तर जेवढा मिळाला असता त्याच्या निम्मा. इथे एक औरस मुलगा, एक हा. औरस असता तर आठ आणे. म्हणून चार आणे.

तेव्हा फायलीला तीन दारं होती. जॉबरने त्या बाईशी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावला होता असं ठरलं तर धाकटं घर औरस आणि हिस्सा निदान अर्धा. (दोन बायका करणं तेव्हा गुन्हा नव्हता, मुंबई इलाख्यात द्विभार्या बंदीचा कायदा १९४६ चा.) पाट नव्हता, पण जॉबर शूद्र होता असं ठरलं तर पाव. आणि पाट नव्हता, वर जॉबर क्षत्रिय होता, तर शून्य.

बिल्डरला मी हे समजावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “साहेब, ते शूद्र-बिद्र राहू द्या. टायटल क्लिअर आहे का नाही?” मी म्हटलं, “आजोबा शूद्र असतील तर नाही.”

पाटाचा पुरावा कितपत होता? धाकट्या घरात एक आत्या आहेत, जॉबरची मुलगी, वय एकोणनव्वद. त्या म्हणाल्या, वडील असेपर्यंत आईच्या हातात हिरवा चुडा होता आणि ते गेल्यावर त्याच दारात तो फोडला. पाट गावाकडे लागला, रात्री, देवळामागे. पाट रात्रीच लागतो. साक्षीदार कोण? सगळे गेले. लांबच्या सहवासावरून कोर्ट लग्न गृहीत धरतं खरं, पण ते गृहीतक मोडणारे कागदही असतात. इथे होता. १९३९ सालच्या भाडेवहीत जॉबरच्या कारकुनाने खोली नंबर एकसमोर लिहिलंय: ‘खाणावळवाली बाई’. रकमेच्या रकान्यात आडवी रेघ. एकाच ओळीत दोन्ही बाजूंचा पुरावा! परकी म्हणून नाव नाही, घरची म्हणून भाडं नाही.

आत्यांनी ट्रंकेतून एक पोस्टकार्डही काढलं. १९४४ सालचं, जॉबरने गावी चुलतभावाला लिहिलेलं, कसं कोण जाणे मुंबईतच राहिलेलं. मोडीवळणाची बाळबोध अक्षरं. ‘कुटुंब आजारी आहे. खाणावळ चार दिवस बंद ठेविली.’ हे कार्ड मी झेरॉक्स करून घेतलं. तेव्हा त्याचं महत्त्व माझ्या पुरतं लक्षात आलं नव्हतं.

शिवाय पाटाच्या दाव्यात एक गंमत होती, आणि थोरल्या घराच्या वकिलाने ती बरोबर हेरली. ‘आमच्यात पाट लागत नाही’ असं त्याने लेखी दिलं. म्हणजे आम्ही शहाण्णव कुळीचे. विधवेचा पाट हे कोर्टांच्या नजरेत शूद्रत्वाचं एक लक्षण होतं. कुळंबाऊ घरांत पाट सर्रास, उंच कुळीत नाही. त्यामुळे धाकटं घर पहिलं दार ढकलायला जावं तर दुसरं आपोआप किलकिलं व्हायचं. थोरल्या घराला मात्र दोन्ही दारं एकाच कडीने लावायची होती: क्षत्रिय असणे.

क्षत्रियत्व सिद्ध कसं करायचं? मुंबई हायकोर्टाने १९२८ मध्ये, सुबराव विरुद्ध राधा या खटल्यात, मराठ्यांचे तीन थर मानले: पाच कुळी, शहाण्णव कुळी, आणि उरलेले. पहिले दोन थर कायद्याने क्षत्रिय. कसोट्या तीन: जातीची स्वतःबद्दलची जाणीव, तिचे आचार आणि इतर जातींनी ती जाणीव मान्य केली आहे का. ऐकायला नीटनेटकं वाटतं. पण त्याच दशकात मद्रास हायकोर्टाने तंजावरच्या भोसल्यांना, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या वंशाला, शूद्र ठरवलं होतं. कायस्थांचंही तेच. कलकत्ता हायकोर्टाने बंगालचे कायस्थ शूद्र मानले, अलाहाबाद आणि पाटणा हायकोर्टांनी आपल्याकडचे क्षत्रिय मानले. हावड्याला गाडीत बसलेल्या कायस्थाला पाटण्याला उतरेपर्यंत मुंज लागायची म्हणायची.

या सगळ्याच्या मुळाशी पैठणहून काशीला गेलेलं एक भट्ट घराणं आहे, आणि मला त्याचं नेहमी नवल वाटतं. त्यातले कमलाकरभट्ट: शूद्रांच्या आचारधर्मावर ‘शूद्रकमलाकर’ लिहिला, आणि कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत हे मत मांडलं. ब्राह्मण आणि शूद्र, पहिला आणि शेवटचा. मधले दोघे संपले. त्यांचेच पुतणे गागाभट्ट. त्यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांची आधी मुंज लावली, मग राज्याभिषेक केला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज, आणि आधी झालेली लग्नं पुन्हा वैदिक मंत्रांनी. तिसरे नीलकंठभट्ट, कमलाकरांचे चुलतभाऊ. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबई बेटावरच्या हिंदूंच्या मालमत्तेला इंग्रजी हायकोर्टाने प्रमाण मानला. एका घरातला एक क्षत्रिय नाहीत म्हणतो, दुसरा क्षत्रिय घडवतो, आणि तिसऱ्याच्या पोथीवरून माझ्या लालबागच्या चाळीचे वाटे पडतात.

पुढे १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या लक्षात आणून दिलं गेलं की भटजी वेदांतले नव्हे, पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हणतोय. लक्षात आणून देणारे राजारामशास्त्री भागवत मुंबईचे विद्वान, स्वतः ब्राह्मण. भटजीचं म्हणणं, शूद्राला पुराणोक्तच. छत्रपतीला! वेदोक्त प्रकरण ते. त्यातून कोल्हापुरात काय काय झालं ते महाराष्ट्राला पाठ आहे. मला इथे एवढंच नोंदवायचंय की हा वाद राजवाड्यात मंत्रांचा होता आणि चाळीत चार आण्यांचा. राजाला शूद्र म्हणणं अपमान होता. खाणावळवालीच्या मुलाला तोच शब्द म्हणजे बापाच्या घरातला एकमेव हक्क होता.

ही सवलत उदारपणाची होती असं मात्र कोणी समजू नये. शास्त्रकारांच्या लेखी शूद्राचं लग्नच मुळात पातळ. वैदिक मंत्र नाहीत, होम नावापुरता. मग लग्नाची बायको आणि ठेवलेली बाई यांत अंतर ते किती? दत्तकाचंही असंच: वरच्या वर्णांना मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायला बंदी, शूद्राला मोकळीक, दत्तहोमाचीही गरज नाही. तुच्छतेतून सुटलेली ही मोकळीक. आणि ज्या मनुस्मृतीने ऐपत असली तरी शूद्राने धनसंचय करू नये असं सांगितलं, ‘शूद्रो हि धनमासाद्य ब्राह्मणानेव बाधते’, तिच्याच परंपरेत शूद्राच्या धनाचे वाटे कसे पाडायचे यावर बारकाईने खल होतो. धन होतं म्हणूनच ना.

थोरल्या घराने क्षत्रियत्वाचे कागद आणले. लग्नपत्रिका, सगळ्यांवर कुळाचं नाव, देवक आणि तलवारींचं चित्र. १९७१ ची एक पत्रिका, ‘वेदोक्त पद्धतीने’ असं छापलेली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतला उतारा, त्यात पणजोबांची सही आणि ‘जात मराठे’. सुतकाचा प्रश्न मी स्वतःहून विचारला, कारण मनूच्या हिशोबात ब्राह्मणाला दहा दिवस, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला महिनाभर सुतक. थोरल्या घरचे म्हणाले, “दहावं, बारावं, तेरावं, सगळ्यांसारखंच.” चाळीतल्या साळ्याकडे, तेल्याकडेही तेच होतं. तेव्हा आचाराची कसोटी तिथेच कोरडी पडली. गिरणीतून दहा दिवस रजा मिळायची मारामार, महिनाभर सुतक पाळणार कोण?

त्यानंतर शाळा सोडल्याचे दाखले आले. जॉबरच्या औरस मुलाचा: ‘हिंदू मराठा’. धाकट्या घराच्या वडिलांचा, परळच्या शाळेतला: तोही ‘हिंदू मराठा’, आणि बापाच्या रकान्यात जॉबरचं पूर्ण नाव. म्हणजे पितृत्वाचा प्रश्न मिटला. वर्णाचा तसाच.

मग थोरल्या घराच्या फायलीतून, त्यांच्याच हाताने, एक कागद बाहेर पडला. वारस दाखवायला म्हणून त्यांनी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. ते खास या कामासाठी केलेलं नव्हतं. आधीच तयार होतं. कशासाठी? नातीच्या कुणबी दाखल्यासाठी. न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा यांनीही गावी जाऊन तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, चाळलं होतं. त्यात जॉबरच्या वडिलांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात एक अक्षर आणि एक टिंब: ‘कु.’. त्यावर दाखला निघाला, पडताळणी झाली, नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. यात काहीही खोटं नाही, आणि मी त्यांना दोषही देत नाही. पण एकाच पणजोबांना ते एका खिडकीवर कुणबी म्हणून नेत होते आणि दुसऱ्या खिडकीवर शहाण्णव कुळी क्षत्रिय म्हणून. १९२८ च्या निकालाच्या भाषेत कुणबी तिसऱ्या थरात. उरलेल्यांत.

धाकटं घर काही वेगळं नव्हतं. खोली नंबर एकमधल्या थोरल्या मुलाचा विवाहमंडळाचा बायोडेटा माझ्या हाती आला. त्यात ठळक अक्षरांत ‘९६ कुळी मराठा’. त्याला मी विचारलं, “आता हरकतीत तुमच्या आजोबांना शूद्र म्हणायचं आहे, चालेल ना?” तो खुर्चीत मागे सरकला. “म्हणजे तसं लिहावं लागेल? कागदावर?” लिहावं लागणार होतं. माझ्या हातातल्या टिपणात तो शब्द तीनदा होता. त्याने मला तो पेन्सिलीने ‘क्षत्रियेतर’ करता येईल का विचारलं.

मला हे त्या फायलीतलं सर्वात बोलकं वाक्य वाटलं. कोर्टात शूद्र ही कुणाची ओळख नव्हती, तो उरलेल्यांचा खण होता. वरचा वर्ण सांगणाऱ्याने पुरावा द्यायचा. ज्याचे कागद कमी पडले तो खाली. स्वतःहून तिथे जायला कोणी तयार नसे, चार आण्यांसाठीसुद्धा. त्याच शब्दाला अंगावर घेऊन उभे राहिलेले लोकही याच शहरात होऊन गेले. लालबागेपासून फार दूर नाही, मांडवीच्या कोळीवाड्यात ११ मे १८८८ रोजी जोतीरावांना जाहीर सभेत ‘महात्मा’ म्हटलं गेलं. कामाठीपुऱ्यातल्या तेलुगू कंत्राटदारांनी सत्यशोधक समाजाला पैसा पुरवला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी याच गिरणगावात कामगारांची पहिली संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्र मूळचे कोण होते यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते फुल्यांना अर्पण केलं. मूळचे सूर्यवंशी क्षत्रियच, ब्राह्मणांनी मुंज नाकारली म्हणून खाली ढकलले गेले, हा त्यांचा सिद्धान्त. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. पण मुंज म्हणजे नुसता दोरा नव्हे, त्याला हक्क बांधलेले असतात, हे त्यांचं बोट बरोबर जागी होतं. माझी फाइल तेच सांगत होती, फक्त उलट्या बाजूने.

अहवालात मी काय लिहिलं? पाट: पुरावा अपुरा, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वर्ण: थोरल्या घराच्या स्वतःच्या पडताळणी झालेल्या दाखल्यामुळे क्षत्रियत्वाचा दावा टिकणं कठीण. मुदत: थोरलं घर म्हणतं बारा वर्षं कधीच उलटली; पण धाकट्या घराला कधी बाहेर काढलं नाही, बिनभाड्याने ते तिथेच राहिलं, आणि सहमालक आत बसलेला असताना मुदत मोजायला सुरुवात कुठून करणार? निष्कर्ष: दाव्यात गेल्यास धाकट्या घराचा पाव हिस्सा लागण्याची शक्यता बरीच, निकाल लागेपर्यंत चाळ उभी राहील याची शक्यता कमी. मागचा जिना तेव्हाच टेकूवर होता.

एक गोष्ट अहवालात बसली नाही. आत्यांकडे खाणावळीच्या वह्या होत्या. १९३५ आणि ३६ सालच्या पानांवर महिन्याला काही रक्कम ‘इमारतीकडे’ म्हणून टाकलेली, त्यांच्या आईच्या सांगण्यावरून कुणीतरी लिहिलेली. चाळीच्या विटांत खाणावळीचे पैसे होते. किती, ते वह्या अर्धवट असल्याने कळत नाही. ती गडी-माणसांची भाकरी थापणारी बाई त्या इमारतीची भागीदार होती, की मालक, की कोणीच नाही, याला स्मृतीत रकाना नाही आणि पुरावा कायद्यात माझ्या हाती पुरेसं काही नव्हतं.

बैठका तीन झाल्या. दुसरीत थोरल्या घराच्या वकिलाने कुणबी दाखल्याची प्रत उलटी करून टेबलावर ठेवली आणि आकड्यांवर आला. आकडा पावाहून कमी आणि पाचव्या हिश्श्याहून जास्त ठरला. शिवाय नव्या इमारतीत खोली नंबर एकच्या बदल्यात दोन्ही भावांना स्वतंत्र फ्लॅट. वर्णाबद्दल समझोतापत्रात एक कलम टाकलं: पक्षकारांच्या वर्णाबाबत कोणीही काही मान्य केलेलं नाही. दोन्ही घरांनी ते कलम सर्वात आधी वाचलं.

अडलं ते आत्यांपाशी. त्यांचा मालमत्तेत रुपयाचाही हक्क नव्हता. शूद्राची ती सवलत मुलालाच, मुलीला नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. दादा असतानाही मला कुणी काय विचारलं नाही.” पण मयताच्या मुलाची मुलं म्हणून भाच्यांची ओळख पत्राच्या सुरुवातीलाच येत होती, तिथे आपल्या आईचं नाव काय म्हणून येणार, एवढं त्यांना बघायचं होतं. मसुद्यात थोरल्या घराच्या वकिलाने लिहिलं होतं, ‘सदर इमारतीत राहणारी स्त्री’. आत्या म्हणाल्या, असं असेल तर भाच्यांनी सही करायची नाही. ‘पत्नी’ लिहायला थोरलं घर तयार नव्हतं. उद्या कुणी पाट सिद्ध झाला म्हणेल. ‘रक्षा’, म्हणजे ठेवलेली बाई, हा शब्द त्या वकिलाने सुचवला आणि स्वतःच खोडला.

त्या रात्री मी पोस्टकार्डाची झेरॉक्स पुन्हा बघितली. दुसऱ्या दिवशी मसुद्यात टाइप करून घेतलं: ‘कै. अमुक यांचे मुंबईतील कुटुंब कै. तमुकबाई’. थोरल्या घरच्या नातवाने वाचलं आणि मान डोलावली. त्याच्या पिढीला कुटुंब म्हणजे फॅमिली, जॉबरच्या पिढीला कुटुंब म्हणजे बायको. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली, पण काही बोलली नाही.

आत्यांना भाच्याने ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, “सही मी पण करायची का?”

साक्षीदार म्हणून चालणार होती. त्यांनी केली.